मँचेस्टरचें विरजण

विलायतेस जाऊन आलेला मनुष्य परतल्यावर काय काय सांगतो, हें आमच्या वाचकांस पाठ असेल. लंडनचा मनोरा, शेक्सपिअरचें गांव, स्कॉटलंडांतील सरोवरें, ही यादी ठरलेली आहे. त्यांतलीं बहुतेक स्थळें मींही पाहिलीं. परंतु घरीं आल्यावर ज्या स्थळाविषयीं पुन्हा पुन्हा सांगावेंसें वाटलें, तें प्रवाशांच्या यादींत सहसा नसतें. मँचेस्टर शहराचें मैलापाणी जेथें शुद्ध होतें, तें डेव्हीह्यूम हें तें स्थळ. जेवणाच्या वेळीं हा विषय मीं काढला तेव्हां माझ्या वडील बहिणीनें, अक्कानें, नाक मुरडलें, आणि सून म्हणाली, "बाबा, निदान मागचा भात होईपर्यंत थांबा." तिला ठाऊक नव्हतें कीं त्या मागच्या भातावरच्या दह्याचा माझ्या गोष्टीशीं फार जवळचा संबंध होता.

अक्काचा धाकटा मुलगा नोकरीनिमित्त बरीच वर्षें मँचेस्टरास आहे. गेल्या वसंतांत महिनाभर मी त्याच्याकडे राहिलों. त्याच्या ओळखीच्या एका अध्यापकांचे विद्यार्थी हें केंद्र पाहावयास जाणार होते. त्यांच्या तुकडींत आम्हां मामा-भाच्यांची सोय झाली. शहरांतील ऑक्सफर्ड रोड स्थानकावरून निघालेली आगगाडी थोड्याच मिनिटांत आम्हांस अर्म्स्टन येथें घेऊन आली. तेथून पुढें पायीं. लाल विटांचीं घरें, दारापुढें हात-दोन हात बाग, आणि त्या बागेंत वाकून काम करणारी वृद्ध माणसें, असें तें शांत उपनगर ओलांडलें म्हणजे मँचेस्टरचा सुप्रसिद्ध जहाजी कालवा लागतो.

कालवा म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें शेताकडे धांवणारा पाट येतो. हा कालवा तसा नव्हे. समुद्रावरील जहाजें थेट शहरापर्यंत यावीं म्हणून खणलेला हा ३६ मैल लांबीचा जलमार्ग आहे. तो १८९४ सालीं खुला झाला. आर्वेल व मर्सी या नद्यांचे कांहीं भागच त्यांत सामावून घेतलेले आहेत. "मामा, हें पाणी नीट पाहून ठेवा," भाचा म्हणाला, "आतां आपण जें पाहणार आहों, तें याच्याचसाठीं उभारलें."

मँचेस्टर हें नांव आमच्या आजोबांच्या पिढीला कापडामुळें माहीत होतें. १९०५ च्या स्वदेशीच्या चळवळींत पुण्यास विलायती कापडाची होळी झाली, ती मुख्यतः याच मुलखाच्या मालावरील रोषानें. त्या कापडानें आपल्या विणकरांचें काय केलें, हें आपण जाणतों. परंतु त्यानें मँचेस्टरच्या नद्यांचें काय केलें, हें मला ठाऊक नव्हतें. आर्वेल, अर्क आणि मेडलॉक या तीन नद्यांत गिरण्यांचा रंग, कातडीं कमावणाऱ्यांची घाण आणि लक्षावधि माणसांचा मैला जात असे. १८३२ सालीं शहरांत पटकीची सांथ आली. पुढें जगप्रसिद्ध झालेला फ्रेडरिक एंगल्स तरुणपणीं येथेंच होता. अर्क नदीच्या काळ्या, दुर्गंध पाण्याचें वर्णन त्यानें १८४५ च्या आपल्या पुस्तकांत केलें आहे. नदी वाहती होती तोंवर घाण निदान पुढें तरी जात होती. जहाजांसाठीं पाणी दारांनीं अडविल्यावर ती तेथेंच सांचूं लागली. म्हणून ज्या वर्षीं कालवा खुला झाला त्याच वर्षीं, १८९४ सालीं, डेव्हीह्यूमचें केंद्रही सुरू करावें लागलें.

दाराशीं पोहोंचतांना मीं हातरुमाल काढून तयार ठेवला होता. पहिल्या टाक्यांपाशीं त्याचा उपयोगही झाला. तेथें चिंध्या, काटक्या, वाळू व जड मैल निराळा करतात, आणि तेथील वास वर्णन करण्याजोगा नाहीं. परंतु पुढच्या लांबट हौदांशीं गेलों तेव्हां आश्चर्य वाटलें. तपकिरी पाणी तळापासून खदखदत होतें, जणुं मोठ्या कढईंत बासुंदी आटत आहे. तें उकळत नव्हतें. तळाच्या छिद्रांतून हवा सोडलेली होती. आणि वास? वळवाच्या पहिल्या सरीनंतर अंगणांत येतो तसा मातीचा वास! रुमाल मीं मुकाट्यानें खिशांत ठेवला. सुमारें १२ लाख माणसांची घाण जेथें येते, त्या ठिकाणीं मी उभा होतों.

ही किमया कोणाची? मातीला मैला पचविण्याची शक्ति आहे, हें शेतकऱ्यांस फार पूर्वीपासून माहीत आहे. पण ती शक्ति मातीची स्वतःची, कीं मातींत राहणाऱ्या कोणाची, या प्रश्नाचा निकाल १८७७ सालीं लागला. श्लोझिंग व म्यून्त्स या दोघां फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनीं एका उंच नळींत वाळू व चुनखडीचा चुरा भरला आणि वरून मैलापाणी हळू हळू सोडलें. जवळ जवळ वीस दिवस कांहींच घडलें नाहीं. मग पाण्यांतील अमोनिया एकाएकीं कमी होऊं लागला व त्याच्या जागीं नायट्रेट, म्हणजे जुन्या भिंतींवर फुलणाऱ्या सोऱ्यांतील द्रव्य, दिसूं लागलें. हा केवळ रसायनांचा खेळ असता तर वीस दिवस थांबावयाचें कारण नव्हतें. पुढें त्यांनीं नळींत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली. काम बंद पडलें. ती वाफ काढून टाकून थोडें मातीचें पाणी घातलें. काम पुन्हा सुरू झालें. ज्यास क्लोरोफॉर्मनें गुंगी येते तें जिवंत असलेंच पाहिजे! पाणी शुद्ध करणारे कोणी होते, आणि ते डोळ्यांस न दिसणारे जंतु होते.

यानंतर इंग्लंडांत ठिकठिकाणीं दगडाच्या अगर जळक्या कोळशाच्या खड्यांचे ताटवे करून त्यांवर मैलापाणी सोडूं लागले. खड्यांवर जंतूंचा बुळबुळीत थर जमे व तो पाणी स्वच्छ करी. मात्र त्यास जागा फार लागे, आणि वाढत्या शहरापाशीं जागा कोठली? १९१२ सालीं मँचेस्टरचे सल्लागार रसायनशास्त्रज्ञ गिल्बर्ट फाउलर अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्स प्रांतांतील लॉरेन्स येथील प्रयोगशाळेस गेले. तेथें बाटल्यांतील मैलापाण्यांत नुसती हवा फुंकून तें निवळविण्याचे प्रयोग चालले होते. परत येतांच त्यांनीं डेव्हीह्यूम येथील एडवर्ड आर्डर्न व विल्यम लॉकेट यांस तसाच प्रयोग करावयास सांगितलें.

आर्डर्न व लॉकेट यांनीं बाटल्यांत मैलापाणी भरलें. उजेडानें शेवाळ धरूं नये म्हणून बाटल्यांस तपकिरी कागद गुंडाळला, आणि हवा सोडीत राहिले. अमोनिया पुरता नाहींसा होण्यास पांच आठवडे लागले. हें व्यवहाराच्या दृष्टीनें निरुपयोगी होतें. पांच आठवड्यांचें मैलापाणी सांठवून ठेवावयास कोणत्या शहरापाशीं जागा असणार? परंतु पुढें त्यांनीं जें केलें, त्यांतच सारें मर्म आहे. वरचें निवळ पाणी ओतून टाकलें, तळचा गाळ मात्र फेकला नाहीं. त्याच गाळावर नवें मैलापाणी घातलें व पुन्हा हवा सोडली. या वेळीं काम लवकर झालें. पुन्हा गाळ राखला; आणखी लवकर झालें. होतां होतां पांच आठवड्यांचें काम एका दिवसाच्या आंत होऊं लागलें. १९१४ च्या एप्रिलच्या ३ तारखेस मँचेस्टर येथें शास्त्रज्ञांच्या सभेंत त्यांनीं आपला निबंध वाचला. त्या गाळास त्यांनीं 'ॲक्टिव्हेटेड स्लज', म्हणजे कामास लागलेला गाळ, असें नांव दिलें. आज जगांतील असंख्य शहरांचें मैलापाणी याच रीतीनें शुद्ध होतें.

आमच्या घरांतील कोणत्याही मुलीस हें समजावून सांगावयास नको. आजच्या दह्यांतलें थोडें राखून ठेविलें नाहीं, तर उद्यांचें दूध विरजावें कशानें? भांडें घांसूनपुसून लख्ख केलें आणि विरजणच फेकलें, तर शेजारणीच्या दारीं वाटी घेऊन जावें लागतें. आजवर सर्वांनीं गाळ म्हणजे घाण असें समजून तो फेकला. या दोघांनीं तो विरजण म्हणून राखला. फरक इतकाच कीं येथें विरजण चमचाभर पुरत नाहीं, भरपूर लागतें.

केंद्रांतील एका बाईंनीं हौदांतलें पाणी कांचेच्या उंच पात्रांत भरून आमच्यापुढें ठेविलें. अर्धा तास तें हलवावयाचें नाहीं. आम्ही बोलत राहिलों, आणि बोलतां बोलतां तपकिरी पुंजके लोकरीच्या तुकड्यांसारखे खालीं बसले व वर स्वच्छ पाणी राहिलें. मग त्याच गाळाचा एक थेंब त्यांनीं सूक्ष्मदर्शकाखालीं ठेविला. पुंजके म्हणजे चिकट द्रव्यानें एकमेकांस धरून राहिलेल्या जंतूंच्या वस्त्या. त्यांस देठानें चिकटून उलट्या घंटेसारखे जीव डोलत होते. मध्येंच एखादा देठ गुंडाळून आंत ओढला जाई. हे घंटाजीव सुटे भटकणारे जंतु गिळतात, म्हणूनच वरचें पाणी इतकें निवळतें. "हे दिसले म्हणजे आमचा दिवस चांगला जाणार," असें त्या बाई म्हणाल्या. सकाळीं गोठ्यांत जाऊन गुरें पाहणाऱ्या गृहिणीचा स्वर त्यांत होता.

हे जंतु सर्वशक्तिमान आहेत, असें मात्र कोणी समजूं नये. त्यांस अष्टौप्रहर हवा लागते. ती पुरविणारीं यंत्रें थांबलीं तर कांहीं तासांतच ते गुदमरूं लागतात. कारखान्याचें जहाल द्रव्य एकदम आलें तर सारी वस्ती मरते. शिसें, पारा यांसारखे धातु ते खाऊन नाहींसे करूं शकत नाहींत. ते पाण्यांतून निघाले तरी गाळांतच राहतात. आणि जंतु वाढतात तसा गाळही वाढतो. जरूर तेवढा पुन्हा हौदांत घालून उरलेल्याचें काय करावें? येथील गाळ अनेक वर्षें जहाजांत भरून आयरिश समुद्रांत टाकीत असत. ही चाल १९९८ पर्यंत चालली. आतां तो बंद टाक्यांत, हवा न लागूं देतां, निराळ्या जंतूंकडून कुजवितात. त्यांतून निघणाऱ्या वायूवर वीज करतात. उरलेलें जें राहतें त्याचें, धातूंचें प्रमाण तपासून, इंग्लंडांत बरेंच खत होतें.

परततांना गाडींत भाच्यानें विचारलें, "मामा, आपल्याकडे हें केव्हां आलें?" उत्तर त्यालाही चकित करणारें होतें. ज्या फाउलरांनीं ही कल्पना अमेरिकेहून आणली, ते १९१६ सालींच बंगळूरच्या भारतीय विज्ञानसंस्थेंत अध्यापक होऊन आले आणि आपल्या देशांतील मैलापाण्यावर त्यांनीं हेंच काम पुढें चालविलें. त्याच्याही पूर्वी, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, मुंबईस माटुंग्याच्या निराधार महारोग्यांच्या आश्रमांत मैल्याच्या टाक्यांतून निघणारा वायू गोळा करून त्यावर एंजिन चालवीत. ज्यांना समाजानें वेशीबाहेर ठेविलें, त्यांच्या वस्तींतच ही विद्या प्रथम उपयोगी पडली! पुढें इंदूर येथें आल्बर्ट हॉवर्ड यांनीं यशवंत वाड यांच्यासह शेतांतील कचरा व शेणमूत जंतूंकडून कुजवून खत करण्याची पद्धति बसविली. १९३१ सालीं त्या दोघांचें पुस्तक निघालें. म्हणजे विद्या आपल्यापाशीं नव्हती, असें म्हणावयास जागा नाहीं.

मग उणें कशाचें होतें? या प्रश्नाचें उत्तर द्यावयाचें तर मला माझ्या घराच्या मागील दाराशीं जावें लागतें.

माझ्या लहानपणीं आमच्या गांवच्या वाड्यास दोन दारें होतीं. पुढल्या दारीं रांगोळी असे. मागलें दार बोळांत उघडे, आणि त्या बोळांतून रोज सकाळीं एक बाई येई. संडासाखालची टोपली ती ओढून काढी, डोक्यावरील पाटींत रिती करी आणि निघून जाई. तिच्या येण्याच्या वेळीं आम्हां मुलांस परसांत जाण्याची मनाई होती. दिवाळीस तिला फराळ मिळे, तो वरून टाकलेला. आमचें घर फार सोंवळ्याचें. आजी विहिरीचें पाणी देखील गाळून घेई. परंतु तें सोंवळें उभें होतें त्या बाईच्या डोक्यावर, आणि हें आमच्यापैकीं कोणाच्या मनांतही आलें नाहीं. घाण ही वस्तु नव्हे, माणूस आहे, अशी आमची समजूत होती. आणि माणूस बोळापलीकडे गेला म्हणजे घाण गेली, असें आम्ही मानीत होतों. ज्यांच्या मनांत हें आलें असे लोकही आपल्यांत होऊन गेले. आप्पासाहेब पटवर्धन हे रत्नागिरीच्या तुरुंगांत असतां, सफाईचें काम आपणांस करूं द्यावें म्हणून १९३२ सालीं त्यांनीं अन्न सोडलें. येरवड्यास असलेल्या गांधीजींनींही त्यांच्यासाठीं उपवास आरंभिला. पुढें कणकवलीजवळ गोपुरी येथें आप्पांनीं मैल्याचें खड्ड्यांतल्या खड्ड्यांत खत होईल असा संडास प्रचारांत आणला. कोणाच्याही डोक्यावर पाटी न देतां मातींतल्या जंतूंवर काम सोंपवावयाचें, एवढाच त्याचा अर्थ. पण आमच्या बोळांतील टोपली त्यानंतरही कित्येक वर्षें चालूच होती.

आतां टोपल्यांचे संडास गेले. माणसाकडून मैला उपसून घेण्यास १९९३ सालीं कायद्यानें बंदी आली, आणि २०१३ सालीं दुसरा, अधिक कडक कायदा झाला. तरी गटारांत व टाक्यांत उतरून गुदमरलेल्या माणसांच्या बातम्या आपण वर्तमानपत्रांत वाचतोंच. सर्वोच्च न्यायालयानें २०२३ सालीं अशा मृत्यूंची भरपाई १० लाखांवरून ३० लाख रुपये केली. भरपाई वाढवावी लागते, याचाच अर्थ मरण थांबलें नाहीं. बंद टाकींत हवेवांचून काम करणारे जंतु दोन वायू सोडतात. एकास वास नाहीं. दुसऱ्यास सडक्या अंड्याचा वास असतो. परंतु तो वायू फार झाला म्हणजे नाकाची शक्तिच मारतो, आणि उतरणाऱ्यास वाटतें, वास गेला, आतां भय नाहीं.

वाड्याच्या जागीं आतां चार मजली इमारत आहे. मी विलायतेहून परतल्यावर दोन महिन्यांनीं तिच्या मैल्याची टाकी तुंबली. नळाचीं कामें करणारा दोन तरुण पोरांस घेऊन आला. सामान काय, तर एक बादली, एक दोरखंड. झांकण उघडलेलेंच होतें. मीं "थांबा" म्हटलें. शेजारचे गृहस्थ म्हणाले, "नाना, दर खेपेस असेंच होतें. अर्ध्या तासाचें तर काम आहे." मीं त्यांना त्या दोन वायूंची गोष्ट सांगितली. ती त्यांना पटली असें वाटलें नाहीं. पण माझ्या वयाकडे पाहून ते गप्प बसले. मैला ओढून घेणारी यंत्राची गाडी तालुक्याहून यावयास आठ दिवस लागले आणि खर्च तिप्पट आला. ते आठ दिवस सगळ्या इमारतीनें पाणी बेतानें वापरलें व माझ्याविषयीं जें बोलावयाचें तें बोलून घेतलें. गाडी आली, नळी टाकींत सोडली, काम झालें.

त्या रात्रीं हें सारें अक्कास सांगत होतों. ती आतां पंचाऐंशींची आहे. फारसें बोलत नाहीं. विरजणाचें भांडें झांकून तिनें फळीवर ठेविलें आणि म्हणाली, "मागच्या दारानें ती बाई यायची, तिचें नांव काय रे होतें?"

"मला नाहीं ठाऊक, अक्का. तुला?"

"मींही कधीं विचारलें नाहीं." थोडा वेळ ती तशीच बसली. मग म्हणाली, "आणि त्या दोघां पोरांचीं? तीं तरी विचारलींस का?"

मीं विचारलीं नव्हतीं. दुसऱ्या दिवशीं सकाळीं नळवाल्याकडे जाऊन विचारून आलों.